पथ्य, परहेज आणि ८०० कॅलरी

"बाजी, तुम्ही कोणती पावडर घेता?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की मी मोजणं सोडलं. स्टाफरूममध्ये विचारला, लग्नाच्या जेवणात विचारला, एकदा तर मय्यतीच्या घरी, कुरआनखानी संपता संपता, शेजारच्या खालांनी कानाशी येऊन विचारला. मी पावडर घेतलेली नाही. कारल्याचा रस नाही, जांभळाच्या बियांचं चूर्ण नाही, काढा नाही. दोन वर्षांपूर्वी नऊ आठवडे मी दिवसाला ८०० च्या आत कॅलरी खाल्ल्या आणि त्या सगळ्या माझ्याच स्वयंपाकघरातल्या होत्या. अंडी, दोडका, दही, कोंबडीचं सालन, अर्धी भाकरी. हे सांगितलं की विचारणारीचा चेहरा पडतो. पावडरचं नाव मिळालं असतं तर काम सोपं झालं असतं.

म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही, उर्दू आणि मराठी शिकवणारी बाई आहे. त्यामुळे हे वाचून कुणी उद्यापासून सुरू करू नये. मी तसंच केलं होतं आणि सातवीच्या वर्गात खाली बसले होते. त्याबद्दल पुढे येईलच.

सुरुवात अम्मीपासून करावी लागेल. तिला शुगर कळली तेव्हा ती ४२ वर्षांची होती. पहिली दहा वर्षं गोळ्या, मग इन्सुलिन, मग डोळ्यांना लेझर, मग उजव्या पायाचा अंगठा, आणि शेवटी पाऊल. या सगळ्या वर्षांत अम्मीने साखर सोडली होती. चहा फिका, शीरखुर्मा फक्त दुसऱ्यांना वाढायचा, ईदला शेवया चमचाभर चाखायच्या. आमच्या घरात परहेज म्हणजे गोड बंद, एवढाच अर्थ होता. तेलाचा तवंग आलेलं सालन, दोन वेळा भात, दुपारच्या चहाबरोबर खारी, हे सगळं चालू. कुणीही तिला कधी तुमचं वजन दहा किलो उतरवून बघू या असं म्हटलं नाही. दवाखान्यात रिपोर्ट बघायचे, गोळी बदलायची, "भात-बटाटा कमी करा, चाला" म्हणायचं, पुढचा पेशंट. डॉक्टरांना मी दोष देत नाही. बाहेर साठ माणसं बसलेली असतात. पण अम्मीच्या हातातून जी पहिली पाच-सहा वर्षं गेली ती सगळ्यांत मोलाची होती, हे मला फार उशिरा कळलं.

२०२१ साली, चाळिशीत, मला स्वतःला शुगर निघाली. उंची पाच फूट एक इंच, वजन ६८ किलो. मीही तेच केलं. फिका चहा, मेटफॉर्मिन, मग मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड. दोन वर्षांनी एचबीए१सी ८.२. औषध वाढतंय आणि साखरही वाढतेय. अम्मीच्या फाइलची पहिली पानं मी परत जगत होते.

बी. फार्मसी करणाऱ्या माझ्या भाच्याने मला न्यूकॅसलचं प्रकरण सांगितलं. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातले प्राध्यापक रॉय टेलर यांनी २०११ मध्ये ११ मधुमेही माणसांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. आठ आठवडे दिवसाला सुमारे ६०० कॅलरी, त्यातला बराचसा भाग पेय स्वरूपात आणि बाकी भाज्या. एका आठवड्यात त्यांची उपाशीपोटीची साखर नॉर्मलला आली. आठ आठवड्यांत स्वादुपिंड पुन्हा नीट इन्सुलिन सोडू लागलं. टेलर यांचं म्हणणं सोपं आहे. जास्तीचं खाणं वर्षानुवर्षं यकृतात चरबी होऊन साठतं. चरबीने भरलेलं यकृत इन्सुलिनचं ऐकत नाही आणि रात्रभर साखर तयार करत राहतं. तीच चरबी पुढे स्वादुपिंडात जाते आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी सुस्तावतात. ही चरबी काढली तर दोन्ही अवयव परत कामाला लागू शकतात. स्वादुपिंडातून जी चरबी जावी लागते ती एक ग्रॅमपेक्षाही कमी असते, हे वाचून मी चकित झाले होते. पण तो एक ग्रॅम जाण्यासाठी अंगावरचे कित्येक किलो जावे लागतात, कारण शरीर चरबी कुठून काढायची ते आपल्याला विचारत नाही.

नंतर मोठा अभ्यास झाला, स्कॉटलंड आणि न्यूकॅसलच्या आसपासच्या साध्या दवाखान्यांत, जवळपास ३०० लोकांवर. सगळ्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला, कुणीही इन्सुलिनवर नाही. निम्म्यांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरी. एक वर्षानंतर या गटातल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण होतं ४ टक्के. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलं त्यांच्यात ८६ टक्के. दोन वर्षांनी ४६ चे ३६ झाले, आणि पुढे वजन परत आलं तसे आणखी घटले. हा उतरता आकडाही सांगायला हवा. गावातल्या भिंतींवर "मधुमेहमुक्त व्हा" असे फ्लेक्स लागतात त्यावर तो कधीच नसतो.

मुक्त हा शब्दच मला खटकतो. टेलर आणि त्यांच्यासारखे लोक रिमिशन म्हणतात. औषधं थांबवल्यावर किमान तीन महिने एचबीए१सी ६.५ च्या खाली राहिलं तर रिमिशन. मराठीत मी त्याला माघार म्हणेन. आजार चार पावलं मागे सरकतो, तिथेच उभा राहतो आणि आपण काय खातो ते बघत असतो.

आता तुम्ही म्हणाल, ही सगळी शंभर-शंभर किलोची गोरी माणसं, आपला काय संबंध? मलाही तेच वाटलं होतं. माझं वजन कुणाला फार वाटायचं नाही. उलट लग्नानंतर "अब कैसी भरी-भरी दिखती" म्हणून कौतुकच झालं होतं. पण पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम बघा. २००४ साली लॅन्सेटमध्ये त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१ टक्के. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा गावांतली बाळं मोजली तेव्हा सरासरी वजन निघालं २.७ किलो. इंग्लंडच्या बाळांचं साडेतीन. आपली बाळं हाडा-मांसाने कमी, पण चरबी मात्र राखून जन्माला आलेली. म्हणजे पोटातून निघतानाच आपण उपासमारीची तयारी करून आलेलो असतो, आणि मग नशिबी येतात बिर्याणी, बेकरी आणि दिवसभर खुर्ची. टेलर यांनीही पुढे २७ पेक्षा कमी बीएमआय असलेल्या २० जणांवर प्रयोग केला. वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास उतरवल्यावर त्यांपैकी १४ जण रिमिशनमध्ये गेले. माझे दहा टक्के म्हणजे सात किलो. हे ऐकून मला पहिल्यांदा वाटलं, जमेल.

आणि पावडरचं म्हणाल तर भाच्याने एका कंपनीच्या डब्यांचा हिशोब काढला होता. महिन्याला माझ्या घरच्या किराण्याच्या निम्मे पैसे, एकटीवर. मी वही बंद केली. चौघांच्या संसारात आईने स्वतःवर एवढा खर्च केलेला आमच्याकडे कुणी पाहिलेला नाही आणि मला तो पायंडा दुधाच्या भुकटीवर पाडायचा नव्हता. शिवाय पावडर संपली की परत याच स्वयंपाकघरात यायचं आहे. न्यूकॅसलची बातमी पसरल्यावर अनेकांनी घरच्याच जेवणाने हा प्रयोग केला आणि टेलर यांना तसं कळवलं, हे वाचलं तेव्हा धीर आला.

तर माझा दिवस असा होता. सकाळी बिनसाखरेचा चहा, दिवसभराच्या दोन्ही चहांना मिळून अर्धा कप दूध. मग दोन उकडलेली अंडी आणि काकडी. दुपारी डब्यात मोठा वाडगाभर भाजी, दोडका, दुधी, मेथी, कोबी यांपैकी काहीही, पण त्यात तेल एक छोटा चमचा, मोजून. सोबत अर्धी ज्वारीची भाकरी आणि वाटीभर दही. रात्री हाड सोडून शंभर ग्रॅम कोंबडी किंवा मासा, कांदा-टोमॅटोच्या पातळ सालनात, परत एक चमचा तेल. ज्या दिवशी कोंबडी नाही त्या दिवशी घट्ट मसूर. कोशिंबीर हवी तेवढी. बेरीज साडेसातशे ते आठशेच्या मधे. एक व्हिटॅमिनची गोळी, भरपूर पाणी, आणि तिसऱ्या दिवसापासून रात्री इसबगोल, कारण पोट हटून बसलं होतं.

खरा धक्का तेलाचा होता. एका छोट्या चमच्यात ४५ कॅलरी. आमच्या घरात सालनाला तेल कधी मोजलेलं नव्हतं, तवंग वर आला की सालन झालं. मी पहिल्या रविवारी नेहमीसारखं ओतलं आणि मग चमच्याने मोजून पाहिलं. चौघांच्या सालनात अठरा चमचे. आठशे कॅलरी तर नुसत्या तेलातच होत्या, माझ्या अख्ख्या दिवसाच्या. वीस वर्षं मी अम्मीला "साखर खाऊ नको" म्हणत होते आणि पातेल्यात हे ओतत होते.

आता सातवीचा वर्ग. मी कुणालाही न विचारता सोमवारी सुरुवात केली होती, गोळ्या तशाच चालू ठेवून. चौथ्या दिवशी, मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला, फळ्यावर विभक्तीचे प्रत्यय लिहिताना खडू हातातून सुटला. दरदरून घाम. अक्षरं लांब गेल्यासारखी. मी खाली बसले तशी पहिल्या बाकावरची मुलगी धावत आली आणि तिने आपल्या दप्तरातलं ग्लुकोजचं बिस्किट माझ्या हातात ठेवलं. तिची आजी इन्सुलिनवर आहे, तिला माहीत होतं. पलीकडच्या दवाखान्यात मोजली तेव्हा, दोन बिस्किटं पोटात जाऊनही, साखर ५८ होती. माझे डॉक्टर इतके रागावले की कंपाउंडर दारात येऊन उभा राहिला. ग्लिमेपिराइड तुम्ही जेवा न जेवा, इन्सुलिन पिळून काढतच राहतं. खाणं निम्म्यावर आणलं की ती गोळी त्याच दिवशी बंद करावी लागते, आणि ते डॉक्टरने करायचं असतं. स्कॉटलंडच्या त्या अभ्यासात साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या. मी आकडे वाचले होते, ही ओळ वाचली नव्हती. दुसऱ्यांना उतारा नीट वाचा म्हणून ओरडणारी बाई!

डॉक्टरांनी राग ओसरल्यावर मात्र साथ दिली. ग्लिमेपिराइड बंद, रक्तदाबाची गोळी अर्धी, मेटफॉर्मिन दीड महिन्याने बंद, दर दहा दिवसांनी फोन. त्यांनी आणखी एक सांगितलं ते इथे मुद्दाम लिहिते. लघवीवाटे साखर काढणाऱ्या ज्या नव्या गोळ्या आहेत, ज्यांच्या नावाच्या शेवटी फ्लोझिन येतं, त्या चालू ठेवून असा आहार घेतला तर साखर ठीक दिसत असतानाही रक्तात आम्ल वाढून माणूस आयसीयूत जाऊ शकतो. इन्सुलिनवर असलेले, टाइप वन असलेले, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाया, किडनीचा त्रास असलेले, यांनी तर याच्या वाटेला स्वतःहून जाऊच नये. डोळ्यांचा पडदा आधी तपासून घ्यावा.

भूक पहिले पाच दिवस होती. डोकं दुखलं, चिडचिड झाली, नवऱ्याने शहाणपणाने बोलणं कमी केलं. दुसऱ्या आठवड्यात भूक मवाळ झाली. पण पोटाच्या भुकेपेक्षा अवघड होता दस्तरखान.

आमच्याकडे पाहुण्याने नको म्हणणं हा अपमान आहे आणि यजमानाने एकदाच विचारणं हा कंजूषपणा. माझी नणंद मनापासून माया करणारी बाई. तिच्या घरी मी फक्त कबाब आणि काकडी घेतली तर तिचे डोळे भरले. "कुछ गलती हुई क्या हमसे?" मी रिपोर्टबद्दल बोलत होते आणि तिला नातं तुटताना दिसत होतं. अम्मी तर सरळ रागावली. ती म्हणाली, भूक मारून कुणी बरं होत नसतं. तिचा राग समजायला मला वेळ लागला. १९७२ च्या दुष्काळात ती दहा वर्षांची होती. मिलोच्या लाल भाकऱ्या आणि शाळेतली सुकडी यांवर तिची दोन वर्षं गेली. दुष्काळी कामावर खडी फोडणारी आई संध्याकाळी आपली भाकरी मुलांत वाटून पाणी पिऊन झोपायची, हे तिने पाहिलंय. तिच्यासाठी भरलेलं ताट म्हणजे ते दिवस गेल्याची खूण. त्या ताटातून मी तिच्यासमोर अर्धी भाकरी परत ठेवत होते.

म्हणून मला वाटतं, आपल्या समाजात ही गोष्ट एकट्याने करायची नाहीच. घरात एकाला जरी शुगर निघाली तरी आधी बोलून घ्यावं, की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मी असं खाणार आहे, याला नाराजी समजू नका. मुदत सांगितली की माणसं ऐकतात. रोज्याला महिनाभराची मुदत असते म्हणून अख्खं घर बदललेली वेळ पाळतंच की. बायांच्या बाबतीत तर हे दुप्पट खरं. पुरुषाला परहेज सांगितलं की बायको वेगळं रांधते. बाईला सांगितलं की ती सगळ्यांचं तेच रांधते आणि मुलांच्या ताटात उरलेलं टाकवत नाही म्हणून तोंडात टाकते. मी त्या नऊ आठवड्यांत उरलेलं कोंबड्यांना घातलं. शेजारच्या कोंबड्या सुधारल्या.

रमजानविषयी लोक हमखास विचारतात. रोजे ठेवले की आपोआप होत नाही का? माझ्या घराचं सांगते. रमजानमध्ये आमचं वजन वाढायचं. सहरीला तुपाचा पराठा, इफ्तारला भजी, समोसे, गुलाबी सरबत, आणि तरावीहनंतर परत जेवण. ८०० कॅलरीचा हा आहार आणि रोजा एकत्र करू नका, मी रमजान संपल्यावर सुरू केला होता. आणि मधुमेही रोजेदाराने दिवसा बोटाला टोचून साखर बघितली तर रोजा तुटत नाही, हे डॉक्टर आणि उलेमा दोघंही सांगतात. ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडायचा असतो. आजारी माणसाला सवलत कुरआननेच दिली आहे, ती नाकारून आपण जास्त परहेजगार होत नाही.

परहेजगार. उर्दूच्या तासाला हा शब्द आला की मी नेहमी थांबते. परहेज हा एकच शब्द, दवाखान्यात खाण्याचं पथ्य आणि मशिदीत वाईटापासून दूर राहणं. मराठीतला पथ्य आला पथावरून, वाटेला जे योग्य ते. एका भाषेत दूर राहणं आहे, दुसऱ्या भाषेत चालत राहणं. नऊ आठवडे मला पहिला शब्द पुरला. त्यानंतरच्या दोन वर्षांना दुसरा लागतोय.

कारण नऊ आठवड्यांनी वजन ६८ चं ५९ झालं, तीन महिन्यांनी औषधाविना एचबीए१सी ६.१ आलं, सगळ्यांना मिठाई वाटावी असं वाटलं, आणि मग लग्नसराई आली. दीड वर्षात साडेतीन किलो परत. मागच्या महिन्यात ६.४. अजून रेषेच्या आत, पण रेषा दिसतेय. आमच्या शाळेतले एक सर डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीने दोनच वेळा, ५५ मिनिटांच्या आत जेवतात आणि त्यांना ते मानवलं आहे. त्यांचं माझं यावरून रोज भांडण होतं. मला किती खाल्लं ते मोजावंच लागतं, दोन वेळांत मी चार वेळांचं खाऊ शकते. ज्याला जे झेपेल ते त्याने डॉक्टरांना सांगून करावं. माझा हट्ट एवढाच आहे की शुगर नव्याने निघालेल्या माणसाला पहिल्याच भेटीत, गोळीच्या चिठ्ठीबरोबर, हा रस्ता आहे एवढं तरी कुणी सांगावं. अम्मीला आता सांगून उपयोग नाही.

माझ्या धाकट्या भावाला सांगून आहे. तो ३९ चा आहे, हार्डवेअरचं दुकान, आठ महिन्यांपूर्वी शुगर निघाली, एचबीए१सी ७.४, पोट पुढे. सहा महिने तो मला "देखेंगे आपा" म्हणतोय. ईद होऊ दे, सीझन होऊ दे. परवा अम्मीच्या पायाची पट्टी बदलताना तो समोर होता. घरी जाताना त्याने माझी मापांची वही मागितली. वही दिली नाही. म्हटलं, आधी गोळ्यांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे चल, मग वही. सोमवारी सकाळी नऊला आम्ही उपाशीपोटी रक्त द्यायला जाणार आहोत. रविवारी जायचं ठरत होतं, पण दवाखाना बंद, आणि त्या दिवशी त्याच्या मेहुण्याचा वलीमा आहे.